बोअरआधीची 'मशीन पाहणी': कितपत भरवशाची?
दख्खनच्या बेसाल्टात चार खुंट्या ठोकून केलेली विद्युत रोध पाहणी (जमिनीत वीज सोडून खडक तिला किती अडवतो ते मोजणं) पाणी शोधायला हातावर धरलेल्या नारळापेक्षा नक्कीच बरी. पण ती पाणी दाखवत नाही, खडकाचा रोध दाखवते. ओला मुरूम, झिजलेला मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट) यांचा रोध कमी. अखंड काळ्या पाषाणाचा जास्त. फसगत होते ती गेरूच्या (लाल मातकट) थरात: चिकणमातीमुळे रोध कमी येतो, पाणी मात्र सुटत नाही. १०० मीटर खोलीचा अंदाज हवा तर बाहेरच्या दोन खुंट्यांत निदान ३०० मीटर अंतर लागतं. वीस गुंठ्यांत तारा गुंडाळून ३०० फुटांवरचं पाणी सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत. लोखंडी पाइप, तारेचं कुंपण जवळ असलं की आकडे बिघडतात. अहवालात प्रत्येक अंतराचे आकडे आणि आलेख मागून घ्या, नुसती चुन्याची फुली नको.