सायनोटाइप किट: डिझायनरच्या कामाचं, पण पावसाळ्यात नको

रसायन उत्तम, सोबतचं सामान सुमार. सायनोटाइप म्हणजे उन्हाने कागदावर निळी-पांढरी छाप उमटवण्याची पद्धत. ऑनलाइन मिळणाऱ्या तिच्या दोन बाटल्यांच्या किटबद्दल एवढं सांगून थांबता आलं असतं. पण लेबलं, मेन्यू कार्डं, गणेश चवथीची निमंत्रणं करणाऱ्या डिझायनरने ते छंद म्हणून घ्यावं का? घ्यावं. फक्त पाऊस सरल्यावर.

एका बाटलीत फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत पोटॅशियम फेरिसायनाइड. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली ही पद्धत. वास्तुविशारदांची जुनी ब्लूप्रिंट याच रसायनाची. प्रत्येक बाटलीत १०० मिलिपर्यंत पाणी भरून, हलवून एक दिवस ठेवायचं. मग दोन्ही समप्रमाणात मिसळायचं. ए४ कागदाला एकूण ३ मिलि पुरतं. मिश्रण काही तासच चांगलं राहतं, तेव्हा लागेल तेवढंच करावं. पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात कागदाला लावायचं, अंधारात सुकवायचं, वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून काचेने दाबायचं आणि उन्हात न्यायचं. जानेवारीतल्या दुपारच्या उन्हात ६ ते १० मिनिटं बस्स होतात. उघडा भाग पोपटीचा निळा आणि निळ्याचा राखाडी झाला की आत आणावं. निळ्यावरच उचललं तर धुताना बरंचसं चित्र वाहून जातं. धुणं साध्या पाण्यात, पांढऱ्या भागातला पिवळेपणा पुरता जाईपर्यंत. तो राहिला तर पांढरं पुढे निळसर पडतं.

किटच्या माहितीपत्रकात दमट हवेबद्दल अवाक्षर नाही. जुलैत पणजीत लेप लावलेला कागद रात्रभर ठेवला तर ऊन न लागताच निळसर होतो. पंख्याखाली सुकवून त्याच दिवशी वापरावा. सायट्रेटच्या बाटलीत बुरशीही धरते; कॉफीच्या फिल्टरमधून गाळली की काम चालतं. ढगाळ दिवशी अर्धा तासही अपुरा पडतो, आणि तेवढ्यात सर आली की संपलंच.

सोबतचा कागद पातळ आहे, पाण्यात लोळागोळा होतो. ३०० जीएसएमचा वॉटरकलर कागद घ्यावा, पण आधी एक पट्टी तपासून: क्षारधर्मी कागदावर निळा फिका पडतो. काचेऐवजी वापरायची अॅक्रिलिकची शीट अतिनील किरण अडवत असेल तर चित्र उमटतच नाही. लेप लावलेल्या पट्टीचा अर्धा भाग तिच्याखाली, अर्धा उघडा ठेवून पाच मिनिटांत खातरजमा होते.

डिझायनरला यातून मिळतं काय? मुख्य म्हणजे ‘अनडू’ नाही. पान कुठे ठेवायचं, किती जागा मोकळी सोडायची, हे उन्हात जाण्यापूर्वी ठरवावं लागतं. रंग एकच, त्यामुळे रचना आकारावरच उभी राहते किंवा पडते. अॅना अॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालांच्या अशा प्रतिमा केल्या. हणजुणेच्या खडकांवरचं शेवाळ तसंच वापरता येतं, मिठाचं पाणी धुऊन आणि टिपकागदात दाबून. नेचे, काजूचं पान, अळू काचेखाली सपाट बसतात, म्हणून त्यांची कड धारदार येते. माटोळीतले (गोव्यात चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीतले) आंबाडे किंवा सुपारीचा घोस जाड. काच वर उचलली जाते, कड पसरते. पण ती विरत जाणारी कड सॉफ्टवेअरच्या ‘ब्लर’पेक्षा कितीतरी जिवंत असते. मुद्दाम वापरावी.

छाप ६०० डीपीआयवर स्कॅन करून लाल चॅनेल, म्हणजे चित्रातला फक्त लाल प्रकाशाचा थर, वेगळा काढावा. निळं रंगद्रव्य लाल प्रकाश शोषतं, म्हणून सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट तिथेच मिळतो. हा करडा थर उराकच्या (काजूच्या बोंडांच्या गोव्यातल्या दारूच्या) लेबलावर विटकरी रंगात, एकरंगी स्क्रीन प्रिंटिंगने छापता येतो. मूळ निळं छापायचा हट्ट नको. नेहमीच्या चार शाईंच्या छपाईत (सीएमवायके) ते मळकट येतं. आणि पहिले दहा कागद तरी कुठल्याही क्लायंटसाठी नकोत. कामाची घाई लागली की माणूस ओळखीचीच पानं ओळखीच्याच जागी मांडतो.

पूर्ण किटऐवजी सुटी रसायनं मिळाली तर तीच घ्यावीत. काच जवळच्या फ्रेमवाल्याकडून ३ मिमीची, कडा घासून. आणि हातमोजे विसरू नयेत, या निळ्याचे डाग कपड्यांवरून सहज निघत नाहीत.