साध्या कॅननवर एचडीआर: सीएचडीके वापरून बघण्यासारखं आहे का?

सीएचडीके, म्हणजे कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट, हे कॅननच्या पॉवरशॉट कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर. ते कार्डावरून चालतं, कॅमेऱ्याच्या मूळ फर्मवेअरला (आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरला) हात लावत नाही. कार्ड बदललं की कॅमेरा पूर्ववत. कॅननने ते बनवलेलं नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. सेकंडहँड मिळणाऱ्या ए५९० आयएससारख्या साध्या, दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यावर एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून सावली आणि उजेड दोन्ही दिसणारा एक फोटो) करायचं असेल, तर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

कारण सरळ आहे. एचडीआरसाठी एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे (सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशाचे) फोटो लागतात आणि दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा जराही हलता कामा नये. दर वेळी बटणं दाबून शटर बदलत बसलं की ट्रायपॉडवरही फ्रेम सरकते. सीएचडीके हे काम हात न लावता करतं.

बसवताना लोक अडतात ते कार्डावर. प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक फर्मवेअर आवृत्तीसाठी वेगळी फाइल असते; चुकीची टाकली तर सीएचडीके सुरूच होत नाही. 'स्टिक' या छोट्या प्रोग्रामला त्याच कॅमेऱ्याने काढलेला मूळ फोटो द्या, तो आवृत्ती ओळखून कार्ड तयार करून देतो. जुन्या मॉडेलना २ जीबीचं कार्ड सर्वांत कमी कटकटीचं. मग कार्डाची खिटी 'लॉक'वर सरकवायची, म्हणजे कॅमेरा चालू करताच सीएचडीके आपोआप सुरू होतं. एरवी लॉक कार्डावर फोटो साठत नाहीत, सीएचडीके चालू असताना साठतात.

सीएचडीकेच्या मेनूत 'एक्स्ट्रा फोटो ऑपरेशन्स'मध्ये 'ब्रॅकेटिंग इन कंटिन्युअस मोड' आहे. तिथे फक्त टीव्ही, म्हणजे शटरचं ब्रॅकेटिंग (दर फोटोला वेळ बदलत जाणं) घ्या: २ ईव्ही (प्रत्येक पायरीला प्रकाश चौपट किंवा पाव), प्रकार '+/-', म्हणजे मधल्या फोटोच्या दोन्ही बाजूंना. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बदललं तर फोकसची खोली बदलते, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला तर या चिमुकल्या सेन्सरवर दाणे येतात. कॅमेऱ्याच्या कस्टम टायमरमध्ये २ सेकंदांचा विलंब आणि ५ फोटो ठेवा. आयएसओ ८०, फ्लॅश बंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवरून काढून एका जागी पक्का. हे शेवटचं विसरलं तर पाच फोटोंचे रंग पाच तऱ्हेचे येतात आणि ते पुढे जुळवणं अवघड जातं. 'क्लिअर ब्रॅकेटिंग व्हॅल्यूज ऑन स्टार्ट' चालू असेल तर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करताच आकडे पुसले जातात, तेही एकदा तपासा.

मधला फोटो १/१५ सेकंदाचा असेल तर बाकीचे साधारण १/४, १, १/६० आणि १/२५० सेकंदाचे येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहासारख्या जागी एवढा पल्ला लागतोच: १/२५० मध्ये दर्शनी गवाक्षाची कड आणि बाहेरचा उजेड टिकतो, तर छताच्या लाकडी फासळ्या १ सेकंदाच्या फोटोतच सुट्या दिसतात. (पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी काढावी लागते.) उघड्यावरच्या निसर्गदृश्याला तीन फोटो पुरे. १.३ सेकंद किंवा त्याहून लांब एक्स्पोजर शक्यतो टाळा. कॅमेरा त्यानंतर दाणे कमी करण्यासाठी तेवढ्याच वेळाचा काळा फोटो स्वतःच घेतो आणि मालिका रेंगाळते. तेवढ्यात ढग पुढे सरकतात.

फोटो जोडायला ल्युमिनन्स एचडीआर आणि एन्फ्यूज, दोन्ही मोफत. ल्युमिनन्स आधी ३२ बिटांची फाइल बनवतं आणि मग टोन मॅपिंग करतं, म्हणजे तो सगळा उजेड-सावलीचा पल्ला साध्या फोटोत बसवतं. त्यातली 'फत्ताल' पद्धत जपून वापरा, कळस-झाडांभोवती पांढुरकी प्रभावळ उमटते आणि आकाश मळकट होतं. 'मॅन्टियुक' त्यापेक्षा बरी. कॉम्पॅक्टच्या जेपेगसाठी आमची पसंती मात्र एन्फ्यूजला. ते प्रत्येक फोटोतला नीट उजळलेला भाग उचलून एकजीव करतं, त्यामुळे चित्र डोळ्यांना दिसतं तसं राहतं. आधी ह्युगिन या फोटो जोडणाऱ्या प्रोग्रामच्या 'अलाइन इमेज स्टॅक'मधून फोटो जुळवून घ्या, ट्रायपॉड वापरला असला तरी.

हलणाऱ्या गोष्टींना मात्र इलाज नाही. ए५९० सेकंदाला जेमतेम दीडेक फोटो काढतो, त्यामुळे वाऱ्यावरची पानं आणि चालती माणसं भुतासारखी अर्धवट उमटतात. गर्दीच्या जागी सकाळी लवकर जा. सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे घ्या. साधे अल्कलाइन सेल ऐन मालिकेत मान टाकतात.