‘१२०० डीपीआय’च्या नावाखाली आमच्या घरातले फोटो बिघडवले

घरातले जुने फोटो स्कॅन करून घ्यायचे मनात असेल, तर ते कुणाच्या हाती देण्याआधी हे वाचा. आमचे पैसे गेले ते गेलेच, पण ज्या निगेटिव्ह गेल्या त्या कुठल्याही पैशाने परत मिळणार नाहीत.

जाहिरात ऑनलाइन पाहिली होती. ‘घरी येऊन स्कॅन करून देऊ, मूळ फोटो तुमच्या नजरेआड होणार नाहीत.’ या एका वाक्यावर आत्या तयार झाली, कारण अल्बम तिच्या कपाटातले आणि ती ते कुणाला हलवू देत नाही. आलेला माणूस नीटनेटका, बोलायला मृदू, सोबत खराखुरा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा, स्कॅनर. आमच्यासमोर त्याने दोन-तीन फोटो स्कॅन करून दाखवले आणि ते काम अतिशय चांगले होते. सगळा डाव या नमुन्यावरच उभा असतो. नमुना खरा, त्यापुढचे सगळे खोटे.

आगाऊ रक्कम मिळाल्यावर भाषा बदलली. अल्बम चिकट पानांचे आहेत, निगेटिव्हला वेगळे मशीन लागते, हे काम स्टुडिओतच होईल. नग मोजून पावतीवर लिहा म्हटले, तर ‘सगळे सिस्टीममध्ये चढवतो’ म्हणून विषय उडवला. पावतीवर आले ते फक्त ‘जुने फोटो व निगेटिव्ह’.

परत आला तेव्हा हातात पेनड्राइव्ह आणि बिल. बिलावर ठळक अक्षरात ‘१२०० डीपीआय’, म्हणजे फोटोच्या दर इंचाला १२०० ठिपके टिपले असा दावा. फोनवर फोटो उघडून दाखवले, लख्ख दिसत होते, उरलेले पैसे घेतले आणि तो गेला. संध्याकाळी कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर आजीचा फोटो उघडला. आत्याने बघितला आणि म्हणाली, ‘अरे, ही आई नाही.’

आजीच्या वरच्या ओठाजवळ तीळ होता. फाइलमध्ये तो नव्हता. एक डोळा किंचित बारीक होता, तो दुसऱ्यासारखा करून टाकलेला. गालाची कातडी मेणासारखी गुळगुळीत. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात जुन्या स्टुडिओचा उठावाचा शिक्का आहे, मूळ प्रतीवर बोट फिरवले तर अजून हाताला लागतो. फाइलमध्ये त्या जागी अक्षरांसारखे दिसणारे पण कुठल्याच लिपीत नसलेले आकार होते. म्हणजे फोनने फोटोचा फोटो काढला होता आणि तो एआयच्या प्रोग्रॅममधून मोठा करून घेतला होता. जिथे तपशील नव्हता तिथे प्रोग्रॅमने आपल्या मनाने भरला. शिक्क्यातली अक्षरे बनावट आहेत हे दिसते तरी. चेहरा बनावट आहे हे फक्त त्या माणसाला पाहिलेल्यांनाच कळते, आणि अशी माणसे आता किती उरली आहेत?

काही फाइलींच्या माहितीत फोनच्या मॉडेलचे नावसुद्धा तसेच राहिले होते, पुसण्याचीही तसदी घेतली नव्हती. चकचकीत प्रतींवर दिव्याचा पांढरा डाग, कडा कापलेल्या, चौकोन तिरके. निगेटिव्हचे तर काय सांगावे! त्या कुठल्या तरी पेटत्या स्क्रीनवर ठेवून टिपल्या होत्या. झूम केले की सगळ्यांच्या चेहऱ्यावर स्क्रीनची बारीक जाळी दिसते. वर सोयीसाठी पट्ट्या कापून एकेक फ्रेम सुटी केलेली, आणि बऱ्याच फ्रेम परत आल्याच नाहीत. विचारल्यावर आधी ‘तुमच्या मॉनिटरचा दोष’, मग ‘एचडी हवे असेल तर वेगळे पैसे’, आणि शेवटी नंबर ब्लॉक.

आता आकड्याबद्दल, कारण ही मंडळी आकड्यानेच गप्प करतात. फाइलमध्ये डीपीआयची जी नोंद असते ती नुसती नोंद आहे. एकही पिक्सेल न बदलता ७२ चे १२०० करता येतात. खरा हिशोब पिक्सेलचा. ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेल यायला हवेत. पण आमच्या फाइली पिक्सेलच्या हिशोबातही बसत होत्या, कारण फुगवलेल्या चित्राचे पिक्सेल हवे तेवढे वाढवता येतात. म्हणून मूळ फोटो शेजारी ठेवा, त्यावरचा एखादा बारीक ओरखडा किंवा डाग शोधा आणि फाइलमध्ये तीच जागा झूम करून बघा. हात न लावलेल्या स्कॅनमध्ये तो असणारच. साफसफाई केलेली प्रत देणाऱ्याने न साफ केलेली प्रतही दिली पाहिजे. ‘ती ठेवत नाही’ असे उत्तर आले तर काम तिथेच थांबवा. आणि ही तपासणी मोठ्या स्क्रीनवर, पूर्ण पैसे देण्याआधी.

निगेटिव्हसाठी १२०० हा आकडा ऐकायला मोठा आहे, पण कामाचा नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरची फ्रेम असते २४ बाय ३६ मिलिमीटर. १२०० ने तिचे जेमतेम ११०० बाय १७०० पिक्सेल होतात. निदान २४०० डीपीआय तरी हवेत, आणि तेही ऑप्टिकल, म्हणजे स्कॅनरला खरोखर दिसणारे, सॉफ्टवेअरने वाढवलेले नव्हेत.

‘मूळ रंग परत आणून देतो’ या बोलण्यालाही भुलू नका. जुन्या रंगीत प्रती लालसर दिसतात कारण बहुतेकदा त्यातला निळसर रंग आधी उडतो. उडालेल्या रंगाचा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. साडी कुठल्या रंगाची होती हे प्रोग्रॅमपेक्षा आत्याला जास्त माहीत आहे.

उरलेले काम आता घरीच चालू आहे, साध्या फ्लॅटबेडवर. प्रतींना ६०० डीपीआय, आपोआप रंगसुधारणा बंद, जपून ठेवायची प्रत टिफमध्ये (या फाइलीत तपशील गाळला जात नाही), पाठवायला आकाराने लहान जेपीईजी. चिकट पानावरचे फोटो ओढून काढायचे नाहीत, पूर्ण पानच काचेवर ठेवायचे. त्याने ओढून काढलेल्या प्रतींचे कोपरे फाटलेत. फोटोची मागची बाजूही स्कॅन करतो. तिथे आजोबांच्या अक्षरात नावे आणि साल आहेत, आणि त्या माणसाने एकाही फोटोची पाठ स्कॅन केली नव्हती.

हरवलेल्या फ्रेमच्या छापील प्रती कुणाकडे आहेत का, हे नातेवाइकांत विचारणे सुरू आहे. त्याहून अवघड काम दुसरेच आहे. आजीचा तो बदललेला फोटो आम्हाला कळायच्या आत घरच्या ग्रुपवर गेला आणि दोन घरांत फ्रेम होऊन भिंतीवरही लागला. एकेकाला फोन करून तो काढायला सांगतो आहोत आणि खरा स्कॅन पाठवतो आहोत. धाकट्या मुलांना बदललेलाच जास्त आवडतो, कारण तो ‘क्लिअर’ आहे. त्यांना आत्या मूळ प्रत हातात देऊन तीळ दाखवते.