लिनो प्रिंट विकायच्या असतील तर शाई कुठली घ्यावी, पाण्याची की तेलाची? (कोकणातल्या हवेचा हिशोब धरून)

लिनो (लिनोलियमचा मऊ तुकडा) किंवा लाकडाचा ब्लॉक कोरून प्रिंट्स काढून विकायच्या असं मनात आलं की बरेच जण ब्लॉक कुठला घ्यायचा यावरच अडकतात. माझं म्हणणं, ब्लॉकचं नंतर बघा, आधी शाईचं ठरवा, कारण आपल्याकडे मालवण-देवगड पट्ट्यात कोरायला कितीही वेळ लागू दे, खरं काम अडतं ते वाळवताना. मी दोन्ही शाया वापरल्यात, आता विकायच्या प्रिंटला फक्त तेलाची वापरते.

पाण्याची शाई पहिल्या दिवशीच आवडते हे मान्य. वास नाही, ब्लॉकला शाई लावायचा रोलर नळाखाली धरला की साफ, आणि डिसेंबरात प्रिंट तासाभरात हाताला लागेनाशी होते. मुलांचं वर्कशॉप घेणार असाल तर हीच घ्या, दुसरा विचारच नको. पण मे महिन्यात अकरानंतर रोलरला घ्यायला काचेवर शाई पसरा आणि बघा, दहा मिनिटांत कडेने सुकायला लागते, रोलरवर कण धरतात आणि काळ्या भागात पांढरे ठिपके उमटतात, पंखा लावला तर अजूनच लवकर सुकते म्हणून पंखा बंद करून घामाघूम होत काम करायचं. पावसात नेमकं उलटं. ही शाई वाळते ती तिच्यातलं पाणी उडून, आता हवाच पाण्याने भरलेली तर ते पाणी जाणार कुठे, दुसऱ्या दिवशीसुद्धा बोट लावलं की चिकचिक.

आणि साधी पाण्याची शाई वाळल्यावरही ओल लागली की परत सुटते. तारकर्लीच्या बाजूला स्टॉल लावला होता, एका ताईंनी शहाळं पिऊन ओल्या हातानेच रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) प्रिंट उचलली, अंगठा बरोबर होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आणि नाळ पुसली गेली. त्यांची काय चूक, गिऱ्हाईक कागद हातात घेऊन बघणारच, आणि बघावाच.

तेलाची शाई जवसाच्या तेलातली असते, ती हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते, त्यामुळे काचेवर दुपारपर्यंत आरामात टिकते. मी सकाळी सातला बसते. शाई बरोबर पसरली की रोलर उचलताना बारीक चरचर ऐकू येते, कौलांवर भुरभुर पाऊस सुरू व्हावा तशी. चपचप आवाज आला तर शाई जास्त झाली, काचेवरून थोडी काढायची. प्रेस नाही माझ्याकडे, शाई लावलेल्या ब्लॉकवर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासते, एका प्रिंटला पाच-सहा मिनिटं, जेवणापर्यंत वीसेक होतात. त्या पडवीत दोरीला चिमट्यांनी टांगायच्या, खळ्यात, म्हणजे अंगणात नाही, उन्हात कागद वाकतो, आणि मेमध्ये खळं तसंही वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांनी भरलेलं असतं.

तेलाचा तोटा एकच पण मोठा: वेळ. मार्च-एप्रिलमध्ये चार दिवस धरा, काळा भाग जाड असेल तर आठवडा. पावसात पंधरा दिवस झाले तरी मी भरवसा धरत नाही. एका वर्षी मिरगाच्या सरी सुरू झाल्यावर ऑर्डरच्या घाईत पाचव्या दिवशी अठरा प्रिंट्स एकावर एक रचल्या, सकाळी सोडवायला गेले तर प्रत्येकीची शाई वरच्या कागदाच्या पाठीला, अठराच्या अठरा गेल्या. आता सगळ्यात जाड काळ्या जागेवर वर्तमानपत्राचा तुकडा दाबून बघते, डाग आला नाही तरच खाली उतरवते, आणि मध्ये पातळ कागद घालूनच रचते.

साफसफाईला लोक घाबरतात तेवढं काही नाही. आधी खायच्या तेलाने पुसायचं, मग साबण, रॉकेल लागत नाही. चिंध्यांची मात्र नीट काळजी घ्या, जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवूनच ठेवायच्या. साबणाच्या पाण्याने धुतली जाणारी तेलाची शाई पण मिळते, महाग पडते, पण घरात लहान मूल असेल तर तीच घ्या.

विक्रीचा हिशोब मग असा बसतो: दिवाळी, नाताळ आणि मेची सुट्टी ही गिऱ्हाइकाची वेळ, म्हणून छापायचं ते ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत, पावसात फक्त कोरायचं आणि कोरण्यांना खोबरेल लावून ठेवायचं, खाऱ्या हवेत आठवड्यात गंज धरतो. ज्यांना पावसातच छापून गणपतीत विकायचंय त्यांनी पाण्याच्या शाईची छोटी कार्डं करावीत, प्लास्टिकच्या पाकिटात घालून.

पहिल्यांदा फक्त काळ्याची एक छोटी ट्यूब घ्या, पाऊस गेल्यावर, आणि घरात दोरी कुठे बांधणार ती जागा शाई मागवायच्या आधी बघून ठेवा.