हॅनिबल थोर की स्किपिओ? आधी हा पट मांडा, मग बोला

सर्वांत थोर सेनापती कोण, हा वाद बहुतेक वेळा उंटावरून शेळ्या हाकत चालतो. एकाने अलेक्झांडर म्हणायचं, दुसऱ्याने चंगीझखान, तिसऱ्याने बाजीराव. मग किती लढाया, किती विजय अशी मोजदाद. यात राहून जातो तो खरा प्रश्न: विजयातला सेनापतीचा वाटा किती आणि त्याला आयत्या मिळालेल्या फौजेचा किती? या प्रश्नाला निदान अर्धा हात घालणारा एक पटावरचा खेळ आहे. 'कमांड्स अँड कलर्स: एन्शन्ट्स'. रिचर्ड बोर्ग यांनी रचलेला, जीएमटी गेम्सने २००६ मध्ये काढलेला. दोन खेळाडू, साधारण तासाभराची लढाई. मूळ खोक्यात कार्थेज (उत्तर आफ्रिकेतलं, रोमशी टक्कर घेणारं नगरराज्य) आणि त्याच्या शत्रूंच्या १५ लढाया आहेत: ट्रेबिया, ट्रासिमीन, कॅनी, मेटॉरस, इलिपा, झामा. म्हणजे कार्थेजचा हॅनिबल आणि त्याला झामाला हरवणारा रोमन स्किपिओ, दोघेही एकाच डब्यात.

आधी कंटाळवाणा भाग. खोकं उघडलं की लगेच खेळता येत नाही. आत तीनशेहून जास्त लाकडी ठोकळे असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना स्टिकर लावायचा असतो. एक आख्खी संध्याकाळ त्यात जाते असं धरून चाला. ठोकळ्यांवर लाकडाचा भुसा असतो. कोरड्या फडक्याने तो पुसला नाही तर महिन्याभरात स्टिकरचे कोपरे सुटतात. चिमट्याने धरून लावा आणि अंगठ्याने कडा दाबा. फासे कोरीव नसतील तर त्यांवरही चित्रं लावावी लागतात. ती तिरकी बसली किंवा कडेबाहेर आली तर सतत फेकण्याने लवकर उखडतात, तेव्हा घाई नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम संपल्यावर हलकं, मध्यम, जड पायदळ आणि घोडदळाचे प्रकार वेगवेगळ्या पिशव्यांत भरून वर चिठ्ठी लावा. हे केलं तर मांडणी पंधरा-वीस मिनिटांत होते. नाही केलं तर प्रत्येक वेळी डाळ निवडत बसाल.

आता खेळ. पट षटकोनी घरांचा, तुटक रेषांनी डावा, मधला आणि उजवा अशा तीन भागांत विभागलेला. पायदळाचं पथक बहुधा ४ ठोकळ्यांचं, घोडदळाचं ३ चं, हत्तींचं २ चं. आपल्या पाळीला हातातला एक पत्ता खेळायचा, त्यात सांगितलेल्या भागातली तेवढीच पथकं हलवायची, लढायचं आणि नवा पत्ता उचलायचा. आज्ञेचे पत्ते एकूण ६०. उजवी बाजू कोसळत असताना हातात सगळे डाव्या बाजूचेच पत्ते असले की नवखा खेळाडू चिडतो. पण खऱ्या रणांगणावर हेच होत असे. धूळ, गोंगाट, निरोप्या वाटेत मेलेला. सेनापतीला इच्छा होती म्हणून फौज हलली, असं कधीच नव्हतं.

सेनापतीची कुवत या खेळात दोन ठिकाणी दिसते, आणि वाद घालणाऱ्यांनी इथेच थांबून बघावं. पहिली जागा म्हणजे हातातल्या पत्त्यांची संख्या. प्रत्येक लढाईत दोन्ही बाजूंना किती पत्ते धरायचे ते ठरवून दिलेलं असतं; जाणत्या सेनापतीला जास्त, गोंधळलेल्याला कमी. एखाददुसऱ्या पत्त्याचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण ज्याच्या हातात जास्त पत्ते, तो दोन-तीन पाळ्या आधी बेत आखू शकतो. ज्याच्या हातात कमी, तो समोरच्याने जे केलं त्याला उत्तर देत राहतो. पुढाकार कोणाच्या हातात, हे यापेक्षा साध्या युक्तीने दाखवणं अवघड आहे.

दुसरी जागा म्हणजे पटावरचा सेनापतीचा ठोकळा. फाशाला सहा बाजू: हलक्या पथकाचं वर्तुळ, मध्यमचा त्रिकोण, जडचा चौकोन, एकमेकींवर ठेवलेल्या तलवारी, निशाण (हे आलं की समोरचं पथक मागे हटतं) आणि शिरस्त्राण. मध्यम पायदळावर जड पायदळ तुटून पडलं तर ५ फासे मिळतात. त्रिकोण आणि तलवारी असे दोनच घाव धरायचे. म्हणजे प्रत्येक फाशाला ६ पैकी २. सरासरी घाव १.६७, आणि एकही घाव न बसण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. सेनापती त्या पथकासोबत किंवा शेजारच्या घरात असला तर शिरस्त्राणही घाव धरतं. मग ६ पैकी ३, सरासरी २.५, आणि एकही घाव न बसण्याची शक्यता ३ टक्क्यांवर येते. शिवाय सोबत सेनापती असलेलं पथक एक निशाण दुर्लक्षून जागेवर टिकतं, आणि समोरचा हटला किंवा संपला की रिकाम्या घरात घुसून पायदळही पुन्हा एकदा वार करू शकतं. एकाच पथकाच्या जोरावर फळी फुटते ती अशीच.

मग सेनापतीला सगळ्यात पुढे का ठेवू नये? धोका हिशेबात घ्या. त्याच्या पथकाचा ठोकळा गेला की २ फासे टाकायचे. दोन्हीवर शिरस्त्राण आलं तर सेनापती पडला, म्हणजे ३६ पैकी १. पथक पूर्ण संपलं तर एकच फासा, ६ पैकी १. एकट्या पडलेल्या, एक ठोकळा उरलेल्या पथकासोबत सेनापती ठेवणं ही म्हणूनच सगळ्यात महाग चूक. पूर्ण बळाच्या पथकासोबत ठेवा आणि दोन ठोकळे गेले की दुसरीकडे हलवा.

इथे खेळ एका बाबतीत सौम्य पडतो. सेनापती मेला तर शत्रूला एक विजयध्वज मिळतो (पथक संपवल्यावर मिळतो तसाच एक गुण; ठरलेले ध्वज आधी जमवणारा जिंकतो), बस्स. बाकी फौज लढत राहते. प्रत्यक्षात काय व्हायचं? १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव पडले आणि दुपारपर्यंत जड असलेलं पारडं फिरलं. हे या पटावर घडणार नाही. फौज सेनापतीच्या जिवावर किती उभी होती, हा थोरवीच्या वादातला मोठा मुद्दा इथे सुटतोच.

नियमांत नवखे हमखास चुकतात त्या जागा सांगतो. हल्ला झालेलं पथक जिवंत राहिलं आणि मागे हटलं नाही, तर ते लगेच उलट वार करतं. हे विसरलं की सगळा तोल हल्लेखोराकडे झुकतो. हलकं पायदळ लढतं तेव्हा त्याने टाकलेल्या तलवारी घाव म्हणून धरायच्या नाहीत. मध्यम पायदळ दोन घरं चालू शकतं, पण मग त्या पाळीला लढू शकत नाही. आणि मागे हटायला जागाच नसेल तर न हटता आलेल्या प्रत्येक घरामागे एक ठोकळा जातो. म्हणून पथकं एकामागे एक दाटीने उभी करू नका. कागदावर भक्कम दिसणारी ती गर्दी दोन निशाणांत आपल्याच पायांत पडते.

हत्तींचा नियम तर या खेळाचा सगळ्यात चांगला तुकडा. हत्ती स्वतःच्या बळावर नाही, समोरच्या पथकाला जेवढे फासे मिळाले असते तेवढ्या फाशांनी लढतात. जड पायदळासमोर ५, हलक्यासमोर फक्त २. म्हणजे हत्तींच्या तोंडी जड फळी देणं हा मूर्खपणा आणि हलके भालेकरी देणं शहाणपणा. हटवले गेलेले हत्ती तर आपला-परका न बघता शेजारी येईल त्याला तुडवतात. इ.स.पू. २०२ मध्ये झामाला हॅनिबलकडे सुमारे ८० हत्ती होते. स्किपिओने आपल्या पथकांमध्ये सरळ गल्ल्या सोडल्या, त्यांत हलके शिपाई उभे केले आणि हत्तींना त्या वाटांनी मागे जाऊ दिलं. हा तपशील वाचून माहीत असतो. हत्तींचा नियम हातात आल्यावर तो डोक्यात बसतो.

आता वादाकडे. या खेळाचा खरा उपयोग करायचा तर प्रत्येक लढाई दोनदा खेळा, बाजू बदलून, आणि दोन्ही डावांतले आपापले विजयध्वज जोडा. झामात हॅनिबल घेऊन तुम्हाला चार ध्वज मिळाले आणि समोरच्याला तोच हॅनिबल घेऊन दोन, तर तुम्ही हरूनही सरस ठरलात. ऐतिहासिक सेनापतीकडे बघायची रीतही हीच हवी. कॅनीला इ.स.पू. २१६ मध्ये सुमारे ५० हजारांनी ८० हजारांहून मोठी रोमन फौज घेरून कापली हे खरं, पण त्या दिवशी घोडदळ हॅनिबलकडे जास्त आणि सरस होतं. झामाला उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाच्या मासिनिसाचं घोडदळ रोमकडे गेलेलं होतं आणि तेच पाठीवर येऊन आदळलं. म्हणून कॅनी-झामा अशा जोडीने खेळल्याशिवाय हॅनिबल-स्किपिओ तुलनेला अर्थ नाही. एका जोडीत फाशांचं नशीब फार बोलतं. निदान तीन जोड्या खेळा.

कॅनीचा डाव मात्र निराश करू शकतो. हॅनिबलने गॉल आणि स्पॅनिश पायदळाची मधली फळी मुद्दाम पुढे फुगवली, ती हळूहळू मागे सरकू दिली आणि टोकांवरच्या आफ्रिकी पायदळाने आत आलेल्या रोमनांना दोन्ही बाजूंनी दाबलं. हे घडायला समोरचा बेसावध हवा. पटावर रोमन बाजूला बसलेल्या माणसाने तो इतिहास वाचलेला असतो, तो मध्ये कशाला घुसेल? तो पंखांवर सावध खेळतो आणि डाव घुसळणीत जातो. ट्रेबियाचंही तसंच. इ.स.पू. २१८ च्या डिसेंबरात रोमन सैनिक उपाशीपोटी, गारठलेली नदी ओलांडून समोर आले आणि हॅनिबलचा धाकटा भाऊ मागो २ हजार लोकांसह दबा धरून बसलेला होता. लढाईचा निकाल त्या नदीतच लागला होता. पट मांडला जातो तो त्यानंतर.

घोडं इथेच पेंड खातं. या खेळाची तागडी फक्त रणांगणावरचे काही तास तोलते. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाला मोठी लढाई न देताच कोंडलं. मुलखात खोलवर धावाधाव करून त्याला पाठलागाला लावलं, त्याचा अवजड तोफखाना मागे पडला, आणि पाणी-रसद तोडल्यावर मुंगी-शेवगावचा तह झाला. १८०५ मध्ये उल्मला नेपोलियनने सेनापती माकची ऑस्ट्रियन फौज मुख्यतः कूच करून पकडली. १२४१ च्या एप्रिलमध्ये मंगोल सेनापती सुबुताईच्या फौजांनी पोलंडमधली लेग्निट्झ आणि हंगेरीतली मोही या शेकडो किलोमीटर दूरच्या दोन लढाया दोन दिवसांच्या अंतराने मारल्या. या तिघांची थोरवी या पटावर मांडायला घरंच नाहीत. तुमचा वाद या जातीच्या सेनापतींवर असेल तर हे खोकं घेऊ नका. त्यासाठी नकाशावर मोहीम चालवणारा, रसद मोजणारा खेळ हवा, आणि तो तासाभरात संपत नाही.

कॅनीनंतर हॅनिबल रोमवर का चालून गेला नाही, हा तर दोन हजार वर्षांचा चघळलेला विषय. ठरलेले विजयध्वज मिळाले की पट आवरायचा असल्यामुळे तोही बाहेरच राहतो.

पुरवणी खोकी बरीच आहेत आणि ती मूळ खोक्याशिवाय चालत नाहीत. अलेक्झांडर पहिल्या पुरवणीत येतो, ग्रॅनिकस, इसस आणि गॉगामेलासह. पण तिथे बापाची, म्हणजे दुसऱ्या फिलिपची, घडवलेली फौज इतकी सरस पडते की बाजू बदलून खेळल्यावरच अलेक्झांडरचा स्वतःचा वाटा थोडा दिसतो. वादासाठी एकच पुरवणी घ्यायची असेल तर तिसरी घ्या, रोमन यादवीची. दोन्हीकडे सारखीच सैन्यं, सारखीच शस्त्रं, त्यामुळे फौजेच्या नावाने बोटं मोडायला जागा उरत नाही. फार्सालसपासून सुरुवात करा. सीझर आणि त्याचा रोमन प्रतिस्पर्धी पाँपी यांच्यातली इ.स.पू. ४८ ची ही लढाई. सीझरने स्वतः दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्याचे २२ हजार, पाँपीचे ४५ हजार, आणि पाँपीच्या घोडदळाचा लोंढा मोडला तो सीझरने उजव्या टोकामागे लपवलेल्या सहा कोहॉर्टांनी, म्हणजे रोमन पायदळाच्या तुकड्यांनी. पाँपीची बाजू आधी घ्या. घोडदळ एकदम न सोडता पायदळाच्या चालीने पुढे नेऊन बघा.