बँकॉकला कुणी "आज पॅलेस बंद आहे" म्हणालं तर हे वाचून ठेवा

बँकॉकचा ग्रँड पॅलेस रोज सकाळी साडेआठला उघडतो, दुपारी साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं, तिकीट 500 बाट. हे सगळ्यात आधी लिहितेय कारण आमचे सव्वा लाख रुपये गेले ते या एका गोष्टीबद्दल खोटं सांगून. राजघराण्याचा काही कार्यक्रम असला तर क्वचित बंद ठेवतात पण ते गेटवरच्या माणसाकडून कळतं, रस्त्यावरच्या माणसाकडून नाही.

आता हे खोटं सांगणारे लोक उभे कुठे असतात ते नीट समजून घ्या. पॅलेस 1782 सालचा आहे, थायलंडचा राजा पहिला रामा याने बांधायला घेतलेला, भिंत लांबच लांब आणि तिला बरेच दरवाजे. टुरिस्टना आत सोडतात ते उत्तरेकडच्या ना फ्रा लान रोडवरून. पण तुम्ही सनाम चाय मेट्रोला उतरलात किंवा आधी वॉट फोमधला निजलेला बुद्ध बघून चालत निघालात की भिंतीची दुसरीच बाजू आधी लागते आणि तिथले दरवाजे बंदच असतात. आम्ही म्हणजे मी, दादा आणि वहिनी तिथनंच चाललो होतो. समोर बंद दरवाजा दिसतोय, आणि त्याच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र असा साठीतला माणूस हात जोडून सांगतोय की आज सकाळी पूजा आहे, फक्त थाई लोकांना प्रवेश, तुम्ही एक वाजता या. तोवर काय करायचं तेही त्यानेच सांगितलं. आमच्याच मॅपवर पेनाने गोल करून दिले, एक उभा बुद्ध, एक छोटं देऊळ, आणि मधे एक "एक्सपोर्ट सेंटर". म्हणाला अमुक रंगाच्या नंबरप्लेटचे टुकटुक सरकारी असतात, सगळं फिरवून 20 बाट घेतात. असले सरकारी टुकटुक वगैरे काही नसतात. 20 बाटमध्ये अर्धा दिवस फिरवणं कुणालाच परवडत नाही, त्याचे पैसे दुकानाकडून सुटतात, कधी कमिशन, कधी पेट्रोलचं कूपन.

खरा डाव त्या छोट्या देवळात होता. देऊळ रिकामं, आणि एक चांगल्या कपड्यातला तरुण एकटाच बसलेला. त्याने आपणहून काही विकलं नाही. कुठून आलात विचारलं, मुंबई म्हटल्यावर झवेरी बाजाराचं नाव घेतलं, जयपूरचं घेतलं, म्हणाला मी दरवर्षी इथून नीलम नेतो आणि तिकडे दुप्पट भावाने जातो, सरकारी सेल वर्षातून एकदाच, टॅक्स माफ, आज शेवटचा दिवस. दादाची मीन रास, साडेसाती चालू, घरी गुरुजींनी नीलम सुचवलेला, त्यामुळे नीलमचं नाव निघाल्यावर दादा वहिनीकडे बघायला लागला. टुकटुकवाल्याला विचारलं तर तोही म्हणाला हो, आज लास्ट डे. म्हणजे दरवाजाजवळचा, टुकटुकवाला आणि देवळातला, तिघं एकमेकांना ओळखत नाहीत असं दिसतं आणि तिघं एकच गोष्ट सांगतात. आपण एकावर विश्वास ठेवत नाही म्हणून दुसऱ्याला विचारतो, आणि तो दुसरा त्यांचाच असतो! यासाठीच मी हे सगळं लिहितेय. खात्री करायची तर त्यांनी दाखवलेल्या जागेच्या बाहेरच्या कुणाला विचारा, मेट्रो स्टेशनवर विचारा, हॉटेलला फोन करा.

टॅक्स माफीचंही सांगते. थायलंडमध्ये व्हॅट 7 टक्के आहे आणि ठरलेल्या रकमेच्या वर खरेदी असेल तर टुरिस्टला तो नोंदणी असलेल्या दुकानांतून फॉर्म घेऊन एअरपोर्टवर परत मागता येतो, वर्षभर. एका दिवसाचा सरकारी रत्नांचा सेल हा प्रकारच नाही.

दुकान मोठं, एसी, थंड पाणी, सूटमधला सेल्समन, भिंग हातात दिलं, सर्टिफिकेट दिलं. कार्ड स्वाइप केलं, सव्वा लाख. मुंबईला आल्यावर लॅबमध्ये दाखवला तर रिपोर्ट आला नैसर्गिक नीलम, हीट केलेला, म्हणजे रंग खुलवायला तापवलेला. खडा खरा निघाला आणि तिथेच सगळं अडलं. हीट करणं या धंद्यात नेहमीचं आहे, त्यात बेकायदा काही नाही, आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये किंमत लिहीत नाहीत. झवेरी बाजारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने बघून सांगितलं की रंग काळपट, आत रेषा भरपूर, पंधरा हजारांच्या वर कुणी देणार नाही. बँकेकडे तक्रार केली, बँक म्हणते पावतीवर नीलम लिहिलंय आणि तुम्हाला नीलमच मिळालाय. दुकानाला मेल केला तर उत्तर आलं, स्वतः घेऊन या, तीस टक्के कापून परत देऊ. तिकिटाचा खर्च धरला तर हातात काय राहणार! काही लोकांना तर खडे पोस्टाने घरी पाठवतो म्हणतात, म्हणजे तिथे असताना दुसरीकडे दाखवायची सोयच उरत नाही.

मला राग जास्त याचा येतो की बाकी बँकॉकमध्ये आम्हाला कुणी एक बाट जास्त लावला नाही. फळांच्या गाडीवर पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला, नदीच्या बोटीत कंडक्टर बाई तो पत्र्याचा डबा खुळखुळवत येते आणि तिकीट फाडून सुटे मोजून देते, याओवारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाउनमधला, नूडल्सवाला बोटांनी आकडा दाखवतो तेवढेच घेतो. दिवसभर उन्हात कष्ट करणारी ही माणसं आणि त्यांच्या शहराचं नाव त्या भिंतीपाशी उभं राहून खराब करणारी ती टोळी. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये भारतीयांना व्हिसा माफ झाल्यापासून आपल्याकडची कितीतरी कुटुंबं पहिल्या परदेश ट्रिपला तिकडेच जातायत, ज्येष्ठ लोक जातायत, ते हात जोडणाऱ्या माणसाला उद्धट उत्तर देणार नाहीत. उत्तर द्यायची गरजच नाही, हसून मान हलवा आणि भिंतीला धरून उत्तरेकडे चालत राहा, गर्दी दिसली की तेच गेट.

टुकटुकमध्ये बसल्यावर लक्षात आलं तर पहिल्या सिग्नलला उतरा, वीसची नोट द्या, वाद घालू नका. दुकानात पोचलाच असाल तर "पासपोर्ट हॉटेलवर आहे" म्हणून बाहेर पडा. आणि खरेदी होऊन गेली असेल पण तुम्ही अजून थायलंडमध्येच असाल तर 1155 ला, टुरिस्ट पोलिसांना, त्याच दिवशी फोन करा, इंग्लिश बोलतात. पावती, दुकानाच्या पाटीचा फोटो, टुकटुकचा नंबर जवळ ठेवा. परत आल्यावर दुकानदाराला गाठणं जवळजवळ अशक्य होतं, आमची फाइल अजून बँकेतच पडून आहे.