झेडपीचा अर्ज भरायचाय? तहसीलच्या मागच्या गल्लीतलं डीटीपीचं दुकान : आमचा अनुभव

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते पुढे लिहिलंय.

झेरॉक्स, डीटीपी, लग्नपत्रिका, सातबारा, ऑनलाईन फॉर्म, सगळंच करणारं हे दुकान आहे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत. आत चार माणसं उभी राहिली की पाचव्याला पायरीवर थांबावं लागतं. नवरा-बायको मिळून चालवतात, दादा मशीनवर आणि ताई कॉम्प्युटरवर. लग्नपत्रिका बऱ्या करतात पण मी लिहितोय ते त्यांच्या निवडणुकीच्या कामाबद्दल, कारण २०१७ ला माझी वहिनी जिल्हा परिषदेला उभी राहिली, निवडून आली, आणि त्यात कागदाचं म्हणून जे काही होतं ते सगळं इथूनच झालं. मी तिचा निवडणूक प्रतिनिधी होतो त्यामुळे मला सगळं आतून माहितीय. मार्च २०२२ ला त्या झेडपीची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हापासून जो जो इच्छुक भेटतो तो विचारतो की तुमचे कागद कोणी केले होते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. गटाचं (म्हणजे झेडपीच्या मतदारसंघाचं) आणि पक्षाचं नाव देत नाही, इथे ते राजकारण नको.

वहिनीचं आधी सांगतो म्हणजे दुकानाने काय केलं ते कळेल. तिच्या माहेरी-सासरी कोणी पुढारी नाही. बचतगटाचा हिशोब ठेवायची, त्यातून ग्रामपंचायतीत सदस्य झाली, मग सरपंच. सरपंच असताना आमच्या पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव (छोटा पूल) झाला. ज्यांनी कोकणातला पावसाळा बघितलाय त्यांना सांगायला नको की साकव नसला की जुलैमध्ये पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेला जात नाहीत आणि आजारी माणूस डोलीतून न्यावा लागतो. त्या एका साकवासाठी ती झेडपीच्या बांधकाम विभागात इतक्या खेपा घालायची की तिथला शिपाईसुद्धा तिला ओळखायला लागला. तेव्हाच तिच्या डोक्यात आलं असणार की साकव, पाखाडी (वाडीतली पायऱ्यांची वाट), नळपाणी, शाळेचं छप्पर, आरोग्य केंद्रातला डॉक्टर हे सगळं जर तिथे ठरतं तर तिथे आपलं माणूस बसायला हवं. गट ओबीसी महिला राखीव निघाला आणि गावबैठकीत सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं.

आता जे बाहेरून बघतात त्यांना वाटतं की निवडणूक म्हणजे गाड्या, झेंडे, सभा. मतं वाडीवर जाऊनच मिळतात हे खरं, पण त्याआधी अर्ज छाननीत टिकायला लागतो, आणि खेड्यातल्या बाईचा अर्ज उडायला जेवढ्या जागा असतात तेवढ्या मला तरी माहीत नव्हत्या. या दुकानातल्या ताईला माहीत होत्या. माझ्या मते या दुकानाची खरी किंमत तिथे आहे, छपाई काय कोणीही करतं.

त्या वर्षी अर्ज आणि शपथपत्र राज्य निवडणूक आयोगाच्या साईटवर ऑनलाईनच भरायचं होतं, मग प्रिंट काढून सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचं. आम्ही गेलो तेव्हा वहिनीने पिशवीतून आधार कार्ड काढलं, तर ताई म्हणाली, "वयनी, आधार ठेवा बाजूला, मतदार यादीत नाव कसं हाय ते आधी बघूया." यादी उघडली तर सासरचं नाव बरोबर, पण आडनावात एक काना कमी. आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाने, कारण बाईची जात वडलांकडून धरतात, त्यामुळे दाखल्यावर वडलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, यादीत नवऱ्याचं. म्हणजे कागदावर दोन वेगळ्या बायका. ती एकच आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला पाहिजे, तो आमच्याकडे होता पण पेटीच्या तळाला, आणि त्याची गरज लागेल हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नसतं. ताईने तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, पेन्सिलीने नावांखाली रेघा मारल्या आणि कुठल्या रकान्यात कुठलं नाव जाणार ते वहिनीकडून तोंडाने वदवून घेतलं. छाननीला अधिकाऱ्याने नेमकं तेच विचारलं आणि वहिनीने आमच्याकडे न बघता सगळं सांगितलं.

जात पडताळणी झालेली नव्हती, तेव्हा अर्ज केल्याची पोच आणि सहा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र देईन असं हमीपत्र जोडून चालत होतं. ताईने हमीपत्र टाईप केलं आणि वर बजावलं की हे नुसतं जोडायचं नाही, मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर निवडून आलेलं पदसुद्धा जातं, तेव्हा निकालाची वाट न बघता पडताळणीच्या मागे लागा. आम्ही लागलो आणि वेळेत मिळालं.

शौचालय वापराचा दाखला, ग्रामपंचायतीची थकबाकी नसल्याचा दाखला, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नाही याचं स्वघोषणापत्र, मालमत्तेचा तपशील, गुन्हे नसल्याचं, हे सगळं तिने एका फाईलीत क्रमाने लावून दिलं. शपथपत्रात एकही रकाना रिकामा सोडू दिला नाही, काही नसेल तिथे "निरंक" लिहायचं म्हणजे लिहायचंच. सूचक म्हणून, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारा म्हणून, आम्ही वहिनीच्या मामेभावाला धरून नेलेला, तर तिने त्याचंही नाव यादीत शोधलं आणि तो शेजारच्या गटातला मतदार निघाला! लगेच फोन करून वाडीतल्या दुसऱ्याला बोलावला. छाननीच्या दिवशी आमच्यासमोर एका उमेदवाराचा अर्ज याच कारणाने बाद झाला, सूचक गटाबाहेरचा म्हणून, तो माणूस तिथेच खुर्चीत बसून राहिला, महिनाभर फिरत होता बिचारा.

पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे ही आमची अधिकृत उमेदवार असं पक्षाने लिहून दिलेला कागद, आम्हाला शेवटच्या दिवशी दुपारी हातात मिळाला (त्याची रडकथा वेगळीच, सोडा), तीनच्या आत जमा करायचा होता. दादांनी शटर अर्धं ओढून बाकी गिऱ्हाईकं थांबवली, झेरॉक्स काढल्या आणि स्वतः आमच्यासोबत कचेरीपर्यंत धावत आले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता पत्रकाबद्दल. आम्ही जो मजकूर लिहून नेला होता त्यात निम्मी जागा नेत्यांच्या फोटोंना आणि बाकी "कार्यसम्राट", "धडाडीच्या" वगैरे. ताईने वाचलं आणि विचारलं की यातलं साकवाचं कुठे आहे? मग तिने काय केलं, नेते वर एका पट्टीत बारीक घेतले, मध्ये वहिनीचा साकवावर उभी असतानाचा फोटो, साधी साडी, मागे पऱ्या दिसतोय, आणि खाली वाडीवार काय झालं आणि काय राहिलं ते. राहिलेलंसुद्धा! वरच्या वाडीची पाखाडी अर्धवट आहे हे आमच्याच पत्रकात छापलं. आमच्यातल्या दोघातिघांनी कुरकुर केली, पण वाडीत गेल्यावर म्हाताऱ्या माणसांनी पत्रक उन्हात धरून वाचलं आणि बोट ठेवून म्हणाले, हां, हे खरं लिवलंय. अक्षर मोठं ठेवलेलं त्याचाही फायदा झाला. तळाला मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या, हे कायद्याने लागतं आणि दादा त्याशिवाय कागद मशीनला लावतच नाहीत, कितीही ओळखीचा माणूस असू दे.

नमुना मतपत्रिकाही इथेच केली. झेडपीला प्रत्येकाला दोन मतं द्यायची असतात, एक गटाचं, एक पंचायत समितीच्या गणाचं (तिच्या मतदारसंघाला गण म्हणतात), मशीनवर झेडपीची मतपत्रिका पांढरी आणि पंचायत समितीची गुलाबी. नमुना खऱ्यासारखा दिसता कामा नये म्हणून त्यांनी पिवळ्या कागदावर वेगळ्या आकारात छापला, आणि वरचं कुठलं, खालचं कुठलं ते बाणाने दाखवलं. आमच्या बचतगटाच्या बायकांनी तो कागद घेऊन घराघरात चुलीपुढे बसून समजावलं. फेब्रुवारी होता, आंब्याला कणी (बारीक फळं) धरलेली, फवारणी चालू, पुरुष मंडळी दिवसभर बागेत, त्यामुळे दुपारी घरात भेटायच्या त्या बायकाच, आणि मी तर म्हणतो तिथेच वहिनी निवडून आली.

कारण मुंबईला नोकरीला असलेल्या चाकरमान्यांवर त्या वेळी भरवसा ठेवता येत नव्हता. २१ फेब्रुवारी २०१७, मंगळवार, आमचं मतदान आणि त्याच दिवशी मुंबई महापालिकेचंही. एरवी गावाचं मुंबईतलं मंडळ ठराव करतं आणि माणसं आपल्या खर्चाने रातराणी एसटीने, कोकणकन्या एक्सप्रेसने मतदानाला येतात, त्या वर्षी ज्यांची नावं मुंबईच्या यादीत ते तिकडेच अडकले. बाकी सगळ्यांचं गणित चुकलं, आमचं चुकलं नाही कारण आमचं गणित गावातल्या बायकांवर मांडलेलं होतं. २३ तारखेला मोजणी झाली, आघाडी पहिल्या फेरीपासून होती.

खर्चाच्या हिशोबाचं सांगायचं राहिलं आणि ते फार महत्त्वाचं आहे. तेव्हा आमच्या जिल्ह्यात झेडपीच्या उमेदवाराला ४ लाखांची मर्यादा होती, निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं, रोजचा खर्च आयोगाच्या ट्रू व्होटर ॲपवर टाकायचा, आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशोब द्यायचा. नाही दिला तर अपात्र करू शकतात, मग जिंकलेला असो नाहीतर हरलेला. चहा, वडापाव, रिक्षा, स्पीकर, सगळ्याचे दर प्रशासनाने ठरवलेले असतात आणि तुम्ही कमी दाखवलं तरी ते त्यांच्या दराने धरतात. ताईने वहिनीच्या पुतणीला बसवून ॲप शिकवलं आणि रोज संध्याकाळी बिलं तपासून द्यायची. दादांची स्वतःची बिलं पक्की, नंबर घातलेली, कागद किती, प्रती किती, सगळं. याउलट फ्लेक्ससाठी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानात गेलो होतो, नाव घेत नाही, त्यांनी कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला आणि पक्कं बिल मागितल्यावर फोन उचलायचे बंद झाले. शेवटी तो खर्च कसा दाखवायचा यात आमचा अख्खा दिवस गेला.

आता तक्रारी. दर कुठेही लिहिलेले नाहीत, विचारल्याशिवाय कळत नाहीत, आणि घाईच्या दिवसांत थोडे वाढवतात असं मला वाटलं, त्यांनी बोर्ड लावावा. लाल रंग छापताना नारिंगीकडे जातो, आमच्या पत्रकांचा एक गठ्ठा तसाच गेला, सांगितल्यावर पैसे कमी केले पण परत छापून द्यायला वेळ नव्हता. लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालतो, प्रिंटर नाही, आणि आपल्याकडे लाईट कधी जाते ते मी काय सांगू. उधारी अजिबात नाही. शेवटच्या तीन दिवसांत सगळ्या पक्षांचे लोक त्याच गल्लीत, त्यामुळे आपला कागद दुसऱ्याने बघू नये अशी इच्छा असेल तर आधी जा. तरी एक खात्रीने सांगतो, समोरच्या उमेदवाराचा अर्जही याच दुकानात भरला जात होता आणि इकडचं तिकडे एक अक्षर गेलं नाही. आम्ही आडून विचारायचा प्रयत्न केला तर ताईने सरळ विषय बदलला. तालुक्याच्या गावात हे फार मोठं आहे.

ज्यांना पुढे उभं राहायचंय त्यांनी नियम तेव्हाचे धरू नका, ऑनलाईन का ऑफलाईन, खर्चाची मर्यादा किती, हे तहसीलला विचारून घ्या. पण दुकानात आचारसंहिता लागायच्या आधीच जाऊन या. मतदार यादीतल्या पानाची प्रत, जातीचा दाखला, विवाह नोंदणी, घराचा उतारा, बँकेचं पासबुक आणि सूचकाचं ओळखपत्र बरोबर न्या. सकाळी दहाला उघडतात, दुपारी दीड ते तीन बंद, रविवारी अर्धा दिवस. गणपतीत पाच दिवस आणि शिमग्यात पालखी घरी असेल तेव्हा उघडतच नाहीत, फोन करूनही उपयोग नाही.